टेकण आणि नेम : वसईच्या तटावरून बंदुकीचा इतिहास

वसईचा किल्ला पाहायला आलेला माणूस चिमाजी अप्पांच्या पुतळ्याला नमस्कार करतो, चर्चच्या उघड्या भिंतींतून फिरतो आणि जेटीकडून परततो. तटावरच्या जंगीपाशी ओणवे होऊन बाहेर पाहणारे थोडेच. जंगी म्हणजे बंदूक रोखण्यासाठी तटात ठेवलेले भोक. आडोशाला राहून गोळी झाडण्याची ती सोय, एवढे आपल्याला ठाऊक असते. तिचा दुसरा उपयोग मात्र सहसा ध्यानात येत नाही. तिथे बंदुकीची जड नळी दगडावर टेकवता येते. नळी टेकली की हाताचा कंप निम्म्याहून अधिक नाहीसा होतो, आणि मग एक जुना प्रश्न उभा राहतो : नेम कोणाचा, माणसाचा की बंदुकीचा?

या एकाच प्रश्नाभोवती आज जगात एक अख्खा खेळ उभा आहे. त्याला बेंचरेस्ट म्हणतात. रायफल मेजावर, वाळूच्या पिशव्यांवर ठेवायची आणि १००० यार्डांवरच्या, म्हणजे सुमारे ९१४ मीटरवरच्या लक्ष्यावर पाच किंवा दहा गोळ्या झाडायच्या. या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, यावर मोठी भिस्त असते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्टला १९६७ साली या लांब पल्ल्याच्या प्रकाराचा पहिला क्लब निघाला. यातले स्पर्धक रायफल आयती विकत घेत नाहीत, बहुधा एकेक भाग निवडून जुळवून घेतात. नळी जाड आणि आतून घासून एकसारखी केलेली, दस्त्याचा पुढचा भाग पिशवीवर डुगडुगू नये म्हणून रुंद व सपाट, चाप बोट लागताच सुटेल इतका हलका. दारू प्रत्येक काडतुसासाठी तोलून भरलेली. एवढे करूनही ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा ती गोळी दीड-दोन मीटर बाजूला नेतो. म्हणून मैदानावर वाऱ्याची निशाणे लावतात आणि स्पर्धकाचा निम्मा जीव त्या निशाणांत असतो.

ही चिकित्सा आपल्याकडे नवी नाही. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण आहे. लोखंडाचा पत्रा गुंडाळून, तापवून, ठोकून नळी कशी सांधत, बैलाने फिरवलेल्या चक्राने अनेक नळ्या एकाच वेळी आतून कशा साफ करत, हे त्यात येते. तयार बंदुकीवर कारागिराचे नाव, ठिकाण व तारीख कोरत. पारखून घेतलेल्या बंदुका बादशहाच्या खास वापरासाठी ठेवत. त्यांतल्या ‘संग्राम’ या बंदुकीने अकबराने चितोडच्या वेढ्यात जयमलला टिपले, असे तो लिहितो. निवड, चाचणी आणि नोंद ही आजच्या रायफल-कारागिराची तीन कामे सोळाव्या शतकात इथे होत होती.

मराठी मुलुखात जामगीची बंदूक सर्वांच्या परिचयाची होती. पेटती वात कानातल्या रंजकावर टेकली की आतली दारू पेटे. लांब नळीची मोठी बंदूक म्हणजे जेजाल. ती खांद्याला लावून उभ्याने झाडणे अवघड, म्हणून ती तटावर किंवा टेकूवर ठेवत. पल्ला हवा तर वजन हवे, आणि वजन आले की टेकण आलेच. बेंचरेस्टचे मूळ तत्त्व एवढेच आहे.

मग या बंदुकांनी वसईचा निकाल का लावला नाही? १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली होती. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि अर्नाळा घेतले, जानेवारी १७३९ मध्ये तारापूर घेतले आणि फेब्रुवारीत वसईला मोर्चे लावले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्याच्या जिवलगाचा जीव घ्यायला एक गोळी पुरली, पण अशा हजारो गोळ्यांनीही वसईचा तट हलला नसता. गुळगुळीत नळीच्या बंदुकीने शंभर पावलांपलीकडे एका माणसाला नेमून टिपणे हा बराचसा दैवाचा भाग होता. शेवटी मराठ्यांनी जमीन पोखरली, बुरुजांखाली सुरुंग भरले आणि सेबस्त्यांव बुरुजाला खिंडार पाडले. मे १७३९ मध्ये कायतानो द सोझा परैरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली. वेढ्याला पावसाळ्याचा धाक होता. कोकणात मृग लागला की खंदकात पाणी, दारूला ओल आणि समुद्र बंद. म्हणून घाई होती, आणि त्या घाईत नेमापेक्षा कुदळ अधिक भरवशाची ठरली.

गोळी सरळ का जात नाही, याचे उत्तर तीनच वर्षांनी छापले गेले. बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाचा तोफविद्येवरील ग्रंथ १७४२ मध्ये आला. लंबकावर गोळी झाडून त्याने तिचा वेग मोजण्याची रीत दिली. पुढे एका बंदुकीच्या नळीचे टोक त्याने मुद्दाम डावीकडे वाकवले. गोळी निघाली डावीकडे, पण पुढे वळली उजवीकडे. सैल गोळी नळीच्या भिंतीला घासत निघते, त्यामुळे तिला मनमानी गिरकी मिळते आणि हवा तिला बाजूला ढकलते, असा त्याचा निष्कर्ष होता. इंग्रजी फौजेच्या बंदुकीचे भोक सुमारे १९ मिलिमीटरचे आणि गोळी साडेसतराची असे, यावरून हा सैलपणा किती ते कळावे. उपाय म्हणजे नळीत आतून मळसूत्री आटे पाडून गोळीला ठरावीक गिरकी देणे, म्हणजेच रायफल. ज्या राष्ट्राला हे उमजेल ते रणात वरचढ ठरेल, असे रॉबिन्सने १७४७ मध्ये बजावले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदी सुधारायला हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला. वसईच्या धुरातून जो प्रश्न उठला, त्याचे उत्तर लिहिणारा माणूस याच देशाच्या मातीत मिसळला. त्याचे उत्तर मात्र इथे कारखान्याच्या रूपाने परत आले, तेव्हा मालक दुसरे होते. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, आणि त्यानंतर नऊच वर्षांनी, १८७८ मध्ये, हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा झाला, गोऱ्यांना सूट मिळाली. गावोगावच्या बंदूक घडवणाऱ्या लोहाराच्या हातचे काम अशा कायद्याखाली टिकणे कठीण होते. आपल्याकडे नेमबाज झाले, पण नळी घडवणाऱ्यांची परंपरा खुंटली, याची मुळे इथे शोधावी लागतात.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ संस्थेच्या रूपाने उभा राहिला त्यात मराठी माणूस होता. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचेही पहिले अध्यक्ष. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी आहे. २०१० मध्ये कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला जगज्जेती झाली. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ऑलिम्पिक कांस्य मिळवले. गुडघ्यावर, पडून आणि उभ्याने झाडायच्या या प्रकारात मेज नाही, वाळूची पिशवी नाही. लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १०.४ मिलिमीटर. तरी त्यामागे बेंचरेस्ट लपलेले असतेच. या पातळीवरचे नेमबाज आपली नळी कारखान्याच्या चाचणीगृहात पकडीत घट्ट बसवून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवतो तोच विकत घेतात. आधी बंदुकीची परीक्षा, मग माणसाची.

वसईचा इतिहास आपण शौर्याच्या भाषेत सांगतो आणि ते योग्यच आहे. पण शौर्याच्या जोडीला वजन, टेकण, दारूची ओल आणि नळीचा सैलपणा यांचाही हिशेब मांडला, तर त्या वीरांचे मोल कमी होत नाही. उलट, ज्या हत्याराचा भरवसा शंभर पावलेही नव्हता, ते घेऊन ती माणसे खंदकापर्यंत गेली, हे तेव्हाच नीट कळते. पुढच्या खेपेला तटावर गेलात तर एका जंगीपाशी क्षणभर ओणवे व्हा. खाडीवरून येणारा वारा गालाला लागेल. आतल्या बंदुकवाल्यालाही तो लागत असे, आणि त्याच्या गोळीलाही.