वांदरलिंगी की खडा पारशी?

नववीच्या सहलीत आपण नाणेघाटात गेलो होतो, आठवतंय? भूगोलाच्या सरांनी जीवधनच्या कड्यापासून सुटून उभ्या असलेल्या सुळक्याकडे बोट दाखवून नाव विचारलं. मी ऐटीत "खडा पारशी" म्हणाले. मुंबईच्या मावसभावाकडून ऐकलं होतं. घाटघरकडचा आपला एक वर्गमित्र हळूच म्हणाला, "आमच्यात वांदरलिंगी म्हणतात." सगळे फिदीफिदी हसले, सगळ्यात मोठ्याने मी. तो सहलभर पुन्हा बोलला नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच प्रसंग पहिला आठवला.

खडा पारशी म्हणजे मुंबईत भायखळ्याला उंच खांबावर उभा असलेला शेठ करसेटजी माणेकजी यांचा पुतळा. त्यांच्या मुलाने तो एकोणिसाव्या शतकात उभारला. आता तो उड्डाणपुलांच्या बेचक्यात सापडला आहे. म्हणजे सुळक्याचं हे नाव त्या पुतळ्याहून जुनं असणं शक्यच नाही आणि ते देणाऱ्याने भायखळा पाहिलेला होता. गिर्यारोहकांच्या तोंडी ते बसलं, तिथून पुस्तकांत आणि मोबाइलच्या नकाशांत गेलं. 'वानरलिंगी'ला मुंबई माहीत असण्याची गरज नाही. उभ्या सुळक्याला लिंगाची उपमा आपल्याकडे जुनीच, रायगडासमोरचा लिंगाणा तसाच. वानर का, तर तिथे वानरच चढू जाणे, असं सांगतात. मला ते पटतं, पण पुरावा म्हणून काही हाती नाही.

कड्याचं नाव कुठून पाहून दिलं, हे शोधण्यात मला जास्त मजा आली. नानाचा अंगठा घ्या. आपण जुन्नरच्या बाजूने गेलो तेव्हा ती नुसती चढण होती. अंगठा कुठे आहे म्हणून आपण शोधत बसलो होतो. तो दिसतो खालून, वैशाखऱ्याकडून घाट चढताना. हे नाव खालच्या वाटसरूंचं. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा उलटा: कोकणाकडे तोंड केलेला कडा, म्हणजे ते वरच्यांचं बोलणं. कोकणातला माणूस त्याला कोकणकडा कशाला म्हणेल?

नाणेघाटाचं नाव जकातीच्या नाण्यांवरून आलं, असं आपण रांजणाजवळ उभं राहून ऐकलं. नाना आणि गुणा या भावांची गोष्टही ऐकली. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांच्या दक्षिणेत हजारो नाणी दिल्याचे आकडे आहेत, पण शब्द आहे 'काहापण', कार्षापण. म्हणून त्या लेखावरून घाटाचं नाव सिद्ध होत नाही. रांजणाची गोष्ट खोटी असं मी म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी एकमेकींना चिकटवू नयेत. (प्रोग्रॅममधल्या चुका शोधून शोधून हा स्वभाव झालाय.)

कागदावरचं नाव नेहमी जिंकतं असंही नाही. चावंडचं नाव महाराजांनी प्रसन्नगड ठेवलं. तरी गडावरच्या चामुंडेवरून पडलेलं चावंडच लोकांच्या तोंडी राहिलं, कारण पायथ्याचं गाव ते रोज उच्चारत होतं. वांदरलिंगीच्या बाबतीत उच्चारणारे थोडे आणि लिहिणारे बाहेरचे. त्या दिवशी आपण ते आणखी थोडे केले.

गेल्या दिवाळीत घाटघरला गेले. एका आजींना सुळका दाखवून विचारलं. "वांदरलिंगी. दुसरं काय म्हणायचं?" असं म्हणून त्या सरपण उचलून चालू लागल्या. लोकांना दुरुस्त्या सुचवता येतात अशा एका नकाशावर मी हे नाव टाकलं आहे. 'खडा पारशी' खाली राहू दिलं, तेही आता खोटं नाही.

तुझं नाव इथे लिहीत नाही, तू ओळखशीलच. मेळाव्याला ये. सरही येणार आहेत, त्यांच्यासमोर मला तुझी माफी मागायची आहे. आणि जीवधनच्या बाकीच्या कड्यांना तुमच्यात काय म्हणतात, ते लिहून घ्यायला मी वही आणते.