पहिल्या घासाचा इतिहास

इतिहास म्हटला की राज्ये, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु जो प्रश्न प्रत्येक घरात, प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहतो, त्यालाही इतिहास असतो. अंगावर पिणाऱ्या मुलाच्या तोंडात पहिला घास केव्हा घालावा, हा असाच एक प्रश्न होय. वरवर पाहता तो माजघरातला वाटतो; पण त्याचे उत्तर चुकले तर त्याची किंमत ज्याला बोलताही येत नाही अशा जीवाला मोजावी लागते. म्हणून हे उत्तर निरनिराळ्या काळी कोणी आणि कशाच्या आधारावर दिले, ते आपण क्रमाने पाहू.

आपण ज्याला उष्टावण म्हणतो, त्याचे शास्त्रातले नाव अन्नप्राशन. आश्वलायन व पारस्कर या गृह्यसूत्रांनी त्यासाठी सहावा महिना सांगितला. आश्वलायनाने तर इच्छेप्रमाणे अन्नही ठरवून दिले: अन्नसमृद्धी हवी असेल तर बोकडाचे मांस, ब्रह्मवर्चस हवे असेल तर तित्तिर पक्ष्याचे आणि तेज हवे असेल तर तूपभात. मनुस्मृतीत चौथ्या महिन्यात मुलाला घराबाहेर आणावे व सहाव्यात अन्न द्यावे असा क्रम आहे. मात्र कुलाचाराप्रमाणे वागण्याची मोकळीकही तेथेच दिली आहे. पुढे मुलग्याला सम महिना व मुलीला विषम महिना अशी वाटणी रूढ झाली. येथे निर्णय पंचांगाच्या हाती आहे, हे उघड दिसते.

वैद्यांची दृष्टी थोडी निराळी होती. सुश्रुतानेही सहावा महिनाच सांगितला. पण अन्न कसे, तर हलके व हितकर, अशी अट घातली. वाग्भटाने दात येण्याकडे बोट दाखविले: दात आलेल्या मुलाला अंगावरून हळूहळू तोडावे, एकदम नव्हे. काश्यपसंहिता तर दोन पायऱ्या सांगते: सहाव्या महिन्यात फळांचा रस आणि दहाव्या महिन्यात अन्न. बालरोगांना वाहिलेला हा ग्रंथ दीर्घकाळ दृष्टिआड होता. नेपाळात त्याची खंडित पोथी सापडली आणि मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ साली ती प्रसिद्ध केली. तात्पर्य, धर्मशास्त्र महिना मोजीत होते, तर वैद्य दात व पचनशक्ती पाहत होते.

हे केवळ आपल्याच देशात घडले असे मात्र नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा ग्रीक वैद्य होऊन गेला. चाळीस दिवसांतच मुलाला धान्य चारणाऱ्यांना त्याने दोष दिला आहे. अंगावर पाजण्याचा कंटाळा हे त्याचे कारणही त्याने स्पष्ट सांगितले. त्याच्या मते शरीर घट्ट होईपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने, दूधच पुरे. नंतर भिजवून मऊ केलेला पावाचा चुरा द्यावा. एकमेकांपासून इतक्या दूर असलेल्या दोन समाजांनी साधारण एकच काळ सांगावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात या प्रश्नात रसायनशास्त्र व बाजार यांचा प्रवेश झाला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने १८६५ साली गव्हाचे पीठ, माल्ट व गाईचे दूध यांपासून शिशूंसाठी आहार तयार केला. पाठोपाठ १८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हवे गावी हेन्री नेस्लेने दूध, पीठ व साखर यांचे चूर्ण विकण्यास सुरुवात केली. ज्या मुलांना आईचे दूध मिळतच नव्हते, त्यांच्यापुरता हा शोध उपकारक होता; पण डब्याला केवळ अशाच घरांचे गिऱ्हाईक पुरेना. विसाव्या शतकात अमेरिकेत गाळलेल्या भाज्यांचे डबे निघाले आणि पहिला घास महिन्यामहिन्याने अलीकडे येऊ लागला. १९५३ साली फ्लॉरिडातील सॅकेट नावाच्या डॉक्टरने तर जन्मानंतर दुसऱ्यातिसऱ्या दिवशीच धान्य व दहाव्या दिवशी भाज्या देण्याची पद्धत पुरस्कारली! लवकर खाणारे मूल म्हणजे हुशार मूल, असा समज पसरला होता.

या घाईला आळा बसण्यास वेळ लागला. १९५८ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने तीत लाभ नसल्याचे सांगितले. १९७४ साली ब्रिटनमधील समितीने चार महिन्यांपूर्वी अन्न देऊ नये असे सुचविले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या होंडुरासमधील प्रयोगात असे दिसले की, चौथ्या महिन्यापासून अन्न दिलेली मुले अधिक वाढली नाहीत. जेवढे अन्न पोटात गेले, तेवढे आईचे दूध त्यांनी कमी घेतले. अखेर २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने सहा महिने केवळ आईचे दूध व त्यानंतर पूरक अन्न, असा सल्ला दिला.

मग आमचे पूर्वज सर्वज्ञ होते, असे म्हणून टाळ्या वाजवाव्यात काय? आम्हांस तसे वाटत नाही. जातकर्मात नवजात अर्भकाला मध चाटवण्यासही त्याच परंपरेने सांगितले. मधातील जंतूंमुळे शिशूंना घातक विषबाधा होऊ शकते हे १९७६ नंतर उमगले, आणि आता वर्षाच्या आत मध वर्ज्य मानतात. दहाव्या महिन्यापर्यंत धान्य थांबविणेही आज कोणी योग्य म्हणणार नाही. सहावा महिना टिकला तो पोथीत आहे म्हणून नव्हे, तर मुलाच्या शरीराशी जुळला म्हणून. आईच्या उदरातून आणलेला लोहाचा साठा याच सुमारास सरत येतो, आणि दुधात लोह फार थोडे असते. मान स्थिर होते, आधाराने मूल बसते, ताटाकडे हात करते आणि तोंडातला घास जिभेने बाहेर ढकलण्याची उपजत सवय मावळते. ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे मूल तयार झाले, असे समजावे. दाताची वाट पाहण्याचे कारण नाही. मऊ भात हिरड्यांनीही चावता येतो.

परंतु आपल्या देशापुढचा खरा धोका आता निराळाच आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते आठ महिन्यांच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्क्यांनाच दुधासोबत घन वा अर्धघन अन्न मिळत असल्याचे आढळले. आणि सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी केवळ ११ टक्के निघाली. मामाच्या हातून चांदीच्या वाटीतली खीर चाटविली, सोहळा झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून मूल पुन्हा दुधावर व वरणाच्या पाण्यावर! वरणाच्या पाण्याने पोट भरल्यासारखे होते, बळ मात्र येत नाही. त्याला घट्ट वरण, मऊ भात, वर तुपाची धार, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे, चालत असेल त्या घरी अंडे, असे रोज व वाढत्या प्रमाणात मिळाले पाहिजे. आणि आईचे दूधही दोन वर्षे वा त्याहून अधिक चालू राहिले पाहिजे.

सूत्रकारांनी सहाव्या महिन्याचा संस्कार सांगितला, तो एका दिवसाच्या जेवणावळीसाठी खास नव्हे. त्या दिवशी मूल घरातल्या पंगतीत दाखल होते. एकदा पंगतीत घेतलेल्याला दुसऱ्या दिवशी उपाशी उठवू नये, हा तर आपला जुनाच शिष्टाचार आहे.