चिनी पंगतीतला खंभातचा मासा

चिनी मेजवानीत आठ-दहा माणसे गोल मेजाभोवती बसतात, पदार्थ मधोमध येतात आणि सगळे एकाच ताटातून वाढून घेतात. कँटनकडच्या जुन्या रिवाजात अशा जेवणाचा मान चार सागरी जिनसांवर ठरतो: अबालोन हा शंखवर्गीय प्राणी, समुद्रकाकडी, मुशीचे पर आणि माशाच्या पोटातली हवेची पिशवी. यांपैकी शेवटच्या दोन जिनसा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून शतकानुशतके चीनला जात आल्या. सुरतेत किंवा मुंबईत चिनी उपाहारगृह निघण्याच्या कितीतरी आधीची ही देवघेव आहे.

तिचे मूळ खंभातच्या आखातात आहे. साबरमती, मही, नर्मदा आणि तापी या नद्या येथे गाळ आणून टाकतात. भरती-ओहोटीचा फरक प्रचंड, पाणी सदा गढूळ. अशा चिखलाच्या तळावर घोळ हा मोठा मासा वाढतो. त्याच्या कुळातले मासे हवेच्या पिशवीलगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा आवाज काढतात. ही पिशवी मराठी मच्छीमारांच्या बोलीत ‘बोत’. ती काढून, धुऊन, उन्हात वाळवली की कडक आणि पिवळसर होते व दीर्घकाळ टिकते. तिला स्वतःची चव फारशी नसते. भिजवून मंद आचेवर शिजवली की रश्श्याची सगळी चव ती शोषून घेते. मुशीच्या वाळवलेल्या परांचेही तसेच. बर्फ नसलेल्या काळात महिनोन्‌महिन्यांचा प्रवास सोसणारा, वजनाला हलका आणि मोलाला भारी असा माल यापेक्षा वेगळा कुठला असणार?

सुरतेच्या व्यापाऱ्यांना समुद्रापारच्या बाजारपेठा मुघलकाळापासून ठाऊक होत्या. हिरजी जीवनजी रेडीमनी १७५६ मध्ये चीनला गेले. तेथे व्यापारासाठी जाणारे ते पहिले पारशी मानले जातात. पुढच्याच वर्षी चीनने परदेशी गलबतांना कँटन हे एकच बंदर मोकळे ठेवले. सुरतेकडचा कापूस तिकडे जाणाऱ्या मालात अग्रभागी होता, त्यानंतर अफूने जागा घेतली. तोवर सुरतेचे महत्त्व मुंबईकडे सरकले होते. विल्यम मिलबर्न यांच्या १८१३ च्या व्यापारविषयक ग्रंथात चीनच्या बाजाराजोग्या मालात मुशीचे पर आणि माशांच्या पिशव्याही आहेत. १८४२ मध्ये जॉन फोर्ब्स रॉइल यांनी लंडनमध्ये या पिशव्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले, कारण त्यांपासून निघणारा सरस युरोपात मद्य नितळ करायला लागे. कापूस आणि अफूचा इतिहास सविस्तर लिहिला गेला, मासळीच्या या व्यापाराच्या वाट्याला मात्र याद्यांमधल्या चार ओळीच आल्या. माल पकडणाऱ्या आणि वाळवणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसांची नोंद तर त्याहून कमी, आणि ही उणीव मोठी आहे.

चिनी स्वयंपाक या किनाऱ्यावर नंतर आला. मुंबईत माझगावला चिनी वस्ती होती. तेथील सी यप कून मंदिर १९१९ चे. विसाव्या शतकाच्या मध्यावर कुलाब्यात नानकिंगसारखी उपाहारगृहे चालू लागली आणि पापलेट, खेकडे, कोळंबी वाटून खाण्याची रीत शहरी मित्रमंडळींत रुजली. ताजी मासळी हा त्यांचा आधार. वाळवलेले बोत मात्र परदेशीच जात राहिले.

पर पाठवण्याचा धंदा कायद्याने थांबला. गुजरातच्या किनाऱ्यावर पकडला जाणारा देवमुशी मासा २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आला, २०१३ मध्ये पर कापून मासा समुद्रात टाकण्यास बंदी झाली आणि २०१५ मध्ये सर्वच मुशींच्या परांची निर्यात बंद केली गेली. बोताचा भाव मात्र वाढतच गेला: २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका बोटीला १५७ घोळ मिळाले आणि त्यांचे सुमारे १.३३ कोटी रुपये आले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गुजरातने घोळला राज्यमासा घोषित केले.