कापड बेतण्याचे गणित

खिशातला सुती हातरुमाल काढावा आणि समोरासमोरचे दोन काठ धरून तो ओढून पाहावा. तो फारसा ताणला जात नाही. आता तोच रुमाल समोरासमोरचे दोन कोपरे धरून, म्हणजे शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने ओढावा. रुमाल सहज लांबतो आणि मधे आक्रसतो. धागे लांबलेले नसतात. उभ्या आणि आडव्या धाग्यांमधला काटकोन तेवढा बदललेला असतो. संगणकाच्या पडद्यावरील पात्रांना कपडे कसे मिळाले, हा इतिहास या रुमालापासून सुरू करणेच आम्हांला योग्य वाटते.

मूळ संख्यांवरील कामासाठी प्रसिद्ध असलेले रशियन गणितज्ञ चेबिशेव्ह यांनी १८७८ साली पॅरिस येथे विज्ञानसभेपुढे चक्क कपड्यांच्या कापणीवर व्याख्यान दिले. धाग्यांची लांबी कायम राहते आणि फक्त त्यांच्यातला कोन बदलतो, एवढेच गृहीत धरून सपाट कापड गोलासारख्या वक्र पृष्ठावर कसे बसवता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. अशा जाळ्यांना भूमितीत आजही त्यांचेच नाव आहे. शिंपी हे हाताने जाणतच होते. समीकरणात ते प्रथमच येत होते.

दुसरा धागा मँचेस्टरचा. कापडाचा व्यापारी दोन बोटांत कापड चुरून त्याची जात सांगतो. हा 'हाताला लागणारा' गुण मोजता येईल का, असा प्रश्न तेथील कापूससंशोधन संस्थेतील पीअर्स यांनी घेतला व १९३० साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांची एक रीत वर्गात करून पाहण्याजोगी आहे. कापडाची अरुंद पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. ती स्वतःच्या वजनाने वाकते. ठरावीक कोनापर्यंत वाकायला किती लांबी बाहेर यावी लागली, ते मोजायचे. ताठपणा या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे दोन कापडांचे दर चौरस सेंटिमीटर वजन सारखे असून एकाची लांबी दुप्पट भरली, तर ते आठपट ताठ. पुढे क्योतो विद्यापीठातील कावाबाता यांनी १९७०च्या दशकात ताण, वाक, तिरपेपणा, दाब आणि घर्षण मोजणाऱ्या यंत्रांचा संचच तयार केला.

संगणकवाल्यांचा यात प्रवेश पुष्कळ उशिरा झाला. सुरुवातीच्या चित्रपात्रांचे कपडे म्हणजे बहुधा शरीरावरच दिलेला रंग. १९८६ साली वील यांनी काही बिंदूंना टांगलेल्या कापडाचा आकार काढला, पण ते कापड हलत नसे. पुढच्याच वर्षी तेर्झोपुलोस व सहकाऱ्यांनी स्थितिस्थापकत्वाची समीकरणे वापरून फडफडणारा झेंडा दाखवला. १९९४ साली ब्रीन, हाऊस आणि वॉझ्नी यांनी कावाबातांच्या यंत्रांवरची मापेच संगणकाला दिली आणि पडद्यावरचे कापड खऱ्या कापडाशी ताडून पाहिले.

अडचण मात्र निराळ्याच ठिकाणी होती. कापडाऐवजी ५० गुणिले ५० बिंदूंचे जाळे घेतले, तर २,५०० बिंदू आणि ७,५०० निर्देशांक होतात. शेजारचे बिंदू स्प्रिंगांनी जोडलेले कल्पायचे आणि क्षणाक्षणाला प्रत्येकाची नवी जागा काढायची. पण कापड वाकायला मऊ आणि ताणायला कठीण असल्याने या स्प्रिंगा फार ताठ असाव्या लागतात. काळाचा टप्पा जरा मोठा घेतला, की बिंदू थोडा अधिक सरकतो, स्प्रिंग त्याला प्रमाणाबाहेर मागे खेचते, पुढच्या टप्प्यात त्याहून जास्त. आणि पाच-दहा टप्प्यांत सदरा पडद्याबाहेर उधळतो. म्हणून टप्पे अतिशय लहान ठेवावे लागत आणि गणित संपता संपत नसे. १९९८ साली बॅराफ आणि विट्किन यांनी बल आत्ताच्या जागेवरून न काढता टप्प्याच्या शेवटी बिंदू जिथे असेल तिथले धरले. त्यासाठी दर टप्प्याला मोठी समीकरणसंहती सोडवावी लागते, पण टप्पे मोठे घेता येतात. सौदा फायद्याचाच ठरला. त्याच सुमारास पिक्सारच्या 'गेरीज गेम' (१९९७) या लघुपटातील म्हाताऱ्याच्या अंगात वळ्या पडणारा खराखुरा कोट दिसला. २००१च्या 'मॉन्स्टर्स, इन्क.'मधील चिमुरडीच्या अंगातला सदराही असाच गणिताने हलतो.

हे सारे कापडाचे झाले, कपड्याचे नव्हे. कपडा बेतावा लागतो. १९९२ साली मान्येना-थालमान व सहकाऱ्यांनी सपाट तुकडे शरीराभोवती मांडून त्यांच्या कडा बलाने एकत्र ओढण्याची, म्हणजे शिवण्याची रीत मांडली. आज प्रचलित असलेल्या, कोरियातील एका कंपनीच्या 'मार्व्हलस डिझायनर'मध्ये शिकणारा हेच करतो: एका बाजूला सपाट तुकडे, दुसऱ्या बाजूला पात्र.

आम्हीही हौसेने एक सदरा बेतला. पात्र हात आडवे पसरून उभे होते आणि सदरा झकास बसला. हात खाली घेताच काखेत कापडाचा बोळा! भौतिकीचे अभ्यासक असल्याने आम्ही दोन दिवस ताठपणाचे आणि घर्षणाचे आकडे बदलत बसलो. शेवटी तुकड्यांची छापील प्रत घेऊन गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेलो. त्यांनी बाहीचा तुकडा उचलला आणि विचारले, "सर, हा माणूस दिवसभर हात पसरून उभा राहणार आहे का?" बाहीचा वरचा गोलावा आम्ही फार सपाट ठेवला होता. असा गोलावा हात वर करायला सोयीचा, पण हात खाली आला की जादा कापड काखेत जमणारच. गणित बरोबर होते. आमच्या चुकीच्या बेताचे ते अचूक उत्तर देत होते. काकांनी पेन्सिलीने गोलावा उंच करून दिला, बाही त्यामानाने अरुंद केली, आणि बोळा गेला.

नऊवारीचे काय, असे त्यांनी निघताना विचारले. तिथे कडा जोडायच्याच नाहीत. अखंड कापड, निऱ्यांचे थरावर थर आणि मागे खोचलेला कासोटा. प्रत्येक थर शेजारच्या थरावर घासतो आणि नेसण्याचा क्रम चुकला तर काहीच टिकत नाही. ते काम आम्ही नुकतेच हाती घेतले आहे आणि सध्या निऱ्या सुटताहेत.