एक माज हुकला की २१ दिवस गेले. गोठ्यातल्या दुधाचं खरं गणित

देशात दुधाची मागणी वर्षागणिक वाढत चालली आहे. १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध निघालं, म्हणजे माणशी दिवसाला ४७१ ग्रॅम. महाराष्ट्राचा नंबर त्यात पाचवा. पण हे दूध जनावरांच्या संख्येमुळे दिसतं, एका गाईमागे पाहिलं तर आकडा लहान आहे. संकरित गाय सरासरी दिवसाला ८ लिटरच्या आसपास देते, देशी गाय तर त्याच्या निम्म्यावर. चारा, पाणी आणि माणूसबळ तिन्ही कमी पडत असताना आणखी गाई बांधणं बहुतेकांना परवडत नाही. आहे त्याच गाईकडून जास्त दूध घ्यायचं, एवढाच रस्ता उरतो.

दूध वाढवायचं म्हटलं की पहिला विचार पेंडीचा येतो. खरं तर सगळ्यात मोठी गळती माजात आहे.

गाय व्याल्यावर दीड-दोन महिन्यांत दुधाची पातळी सगळ्यात वर जाते, मग हळूहळू उतरते. व्याल्यापासून ६० दिवसांनंतर भरवून ९० दिवसांच्या आत गाभण राहिली आणि पुढचे साधारण २८० दिवस धरले, तर ती १२ ते १३ महिन्यांत परत विते. हेच अंतर १८ महिन्यांवर गेलं तर सहा वर्षांत साडेपाचऐवजी चारच वेतं पदरात पडतात. मधल्या काळात गाय दोन-चार लिटरवर येते किंवा आटते, पण वैरण रोज खातेच.

गाईचा माज दर २१ दिवसांनी येतो आणि टिकतो जेमतेम १२ ते १८ तास. बऱ्याचदा तो रात्री किंवा पहाटे असतो. त्यामुळे सकाळी धारेच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, दोन्ही वेळा गोठ्यात पाच-दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघावं. हंबरणं, दूध एकदम कमी होणं, काचेसारखा स्वच्छ सोट टाकणं या खुणा आहेतच. पण दुसरं जनावर अंगावर चढलं आणि गाय गप उभी राहिली, ही सगळ्यात पक्की खूण. दावणीला बांधलेल्या गाईत ती दिसणार कशी? मुक्त गोठ्याचा हा फायदा फार कोणी सांगत नाही. मुका माज असेल तर फक्त सोटावर लक्ष ठेवावं लागतं.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये असते. ती बाहेर काढल्यावर ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट ठेवावी लागते. कांडी नुसती हातावर चोळून वापरणारा माणूस असेल तर मालकाने तिथेच टोकावं, त्यात संकोच कसला. कांडीवरचा वळूचा नंबर आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. गाय तीनदा उलटली की चौथी कांडी भरण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यावं. लिंगवर्धित रेतमात्रेने दहापैकी साधारण नऊ वेळा कालवड होते. पण ती निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या कालवडीला वापरावी, उलटणाऱ्या गाईला नाही.

आता खाण्याचं. चारशे किलोच्या गाईला दिवसाला १५ ते २० किलो हिरवा चारा आणि ४ ते ६ किलो कोरडी वैरण लागते. आंबोण अंगापुरतं एक-दीड किलो आणि त्यावर दुधाच्या प्रत्येक लिटरमागे ४०० ग्रॅम, हा साधा हिशोब. दहा लिटरची गाय आणि चार लिटरची गाय यांना एकाच घमेल्याने आंबोण घातलं तर एक उपाशी राहते आणि दुसरी माजते.

ऊसपट्ट्यात हंगामात महिनोन् महिने नुसतं वाढं टाकलं जातं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मग गाय माजावर येत नाही, व्याल्यावर बसते. वाढं घालायचंच तर सोबत मेथीघास, मका द्यावा आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये. उन्हाळ्यासाठी मुरघास करायचा तर मका दाणे चिकात असताना कापावा, कुट्टी दाबून हवा पूर्ण काढावी आणि ४५ दिवस पिशवी उघडू नये.

पाणी हे सगळ्यात स्वस्त खाद्य. दुधात ८७ टक्के पाणीच असतं. दिवसातून दोनदा बादली दाखवण्यापेक्षा गव्हाणीजवळ कायम पाणी ठेवलं तर फरक लगेच दिसतो.

दगडीचा रोग दिसायच्या आधीच दूध खातो. कास वरून चांगली असते, पण दूध आणि एसएनएफ दोन्ही घसरतात आणि डेअरीवर दराची कपात बसते. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास उघडं राहतं, म्हणून लगेच वैरण टाकून गाय उभी ठेवावी. सडं औषधात बुडवावीत, गोठा कोरडा ठेवावा. विण्याआधी ६० दिवस धार बंद करून आटवावं आणि सडात सोडायचं औषध डॉक्टरांना विचारून वापरावं.

वासराकडे मात्र सगळ्यात कमी लक्ष जातं. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे, जार पडायची वाट बघू नये. ३० किलोच्या वासराला पहिल्या दिवशी तीन लिटर चीक, दोन-तीन वेळा विभागून. नीट वाढलेली संकरित कालवड दीड वर्षाच्या आत अडीचशे किलोवर जाते आणि भरवायला येते. अशक्त राहिली तर तीन-साडेतीन वर्षं नुसती खाते. जनावर आजारी पडलं तर १९६२ या नंबरवर फोन करता येतो. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर जवळ ठेवावा.