मुठीचे मोजमाप

काही वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात काम करीत असताना महिला बचत गटांना पाठीवरचे फवारणी पंप वाटण्यात आले होते. पाहणीस गेलो तेव्हा बऱ्याच पंपांचा खटका सुतळीने आवळून बांधलेला दिसला. औषध अखंड वाहत होते. कारण विचारता एक बाई म्हणाली, "साहेब, दिवसभर दाबून धरायचं म्हणजे हात भरून येतो." मी अहवालात 'अयोग्य वापर' असा शेरा लिहिला. मुठीच्या मोजमापाचा इतिहास पुढे वाचनात आला, तेव्हा हा शेरा मला बोचू लागला.

फ्रान्समधील एद्म रेन्ये या कारागिराने १७९८ मध्ये पोलादी कमानीचे ताकदमापक यंत्र प्रसिद्ध केले. ते मुठीत दाबले की काटा सरके. पुढे फ्रान्स्वा पेराँ हा निसर्ग-अभ्यासक बोदँ यांच्या सागरी मोहिमेत ते घेऊन गेला. टास्मानिया, ऑस्ट्रेलिया आणि तिमोर येथील लोकांची पकड त्याने खलाशांच्या पकडीशी ताडून पाहिली व 'रानटी' माणूस दुबळा असतो, असा निष्कर्ष काढला. लोक थोडे, यंत्र अनोळखी, भाषा परकी. तरीही काट्याने दाखविले ते प्रमाण मानले गेले. १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात फ्रान्सिस गाल्टन यांनी तीन पेन्स शुल्क घेऊन ९,३३७ जणांची मोजमापे घेतली. त्यांतही मुठीचा दाब होता.

या काळात मोजणी होई ती माणसाची प्रत ठरविण्यासाठी. विसाव्या शतकात कार्यसुलभताशास्त्राने हा प्रश्न उलटा केला. हात जसा आहे तसा गृहीत धरायचा आणि अवजार त्याला जुळते की नाही, हे तपासायचे. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेच्या समन्वयाने आपल्या देशातील शेतमजुरांच्या शरीराची ७९ मापे व १६ प्रकारची शक्ती मोजण्यात आली. ही माहिती २००९ मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध झाली.

परंतु आकडे वापरतानाही विवेक लागतो. अनेक अभ्यासांत मोजले जातात ते महाविद्यालयीन तरुण, कारण ते सहज मिळतात. पकड मात्र विशी ते चाळिशीच्या दरम्यानच सर्वाधिक असते आणि पुढे ती उतरते. स्त्रियांची सरासरी पकड पुरुषांच्या साधारण साठ टक्के भरते. शिवाय यंत्रावर नोंदला जातो तो काही क्षणांचा कमाल जोर. तासन्‌तास टिकणारा जोर त्याचा अगदी थोडा अंश असतो. म्हणून जोर लावण्याच्या वस्तूंत सरासरी धरीत नाहीत. शंभरांतील सर्वांत दुबळे पाच सोडून उरलेल्या पंच्याण्णवांना झेपेल, एवढाच दाब ठेवतात.

आमच्या निविदेत टाकीची क्षमता होती, हमीचा काळ होता, दर तर होताच. खटक्याला किती दाब लागावा, याविषयी एक ओळही नव्हती. अयोग्य काही असेल तर ती निविदा होती. त्या बाईने आपल्या परीने तिची दुरुस्ती केली होती, आणि त्या दुरुस्तीची किंमत तिच्या अंगावर उडणाऱ्या औषधाने वसूल होत होती.

खरेदी समितीवर बसणाऱ्या सहकाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते: नमुना पसंत करण्यापूर्वी तो वापरणाऱ्या बाईच्या हाती द्यावा आणि अर्धा तास तेथेच उभे राहावे.