जुन्या नोंदवह्यांचे स्कॅनिंग : प्रत अस्पष्ट का येते आणि त्यावर उपाय काय?

प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्यात आणि जुन्या नोंदवह्यांचे काळजीपूर्वक जतन करावे, असे १९८३ च्या कॅनन लॉ संहितेतील कलम ५३५ सांगते. पिवळ्या पडलेल्या या पानांचे स्कॅनिंग करणे हा जतनाचा एक चांगला मार्ग आहे. मात्र स्कॅन केलेले नाव वाचताच आले नाही, तर सारे श्रम वाया जातात. म्हणून नेहमी आढळणारे दोष व त्यांवरील उपाय आपण येथे पाहू.

डाग व रेषा : प्रथम कोरा पांढरा कागद स्कॅन करावा. डाग त्याच जागी पुन्हा दिसला, तर दोष काचेचा आहे, पानाचा नाही. मऊ कापड किंचित ओलसर करून काच पुसावी. पाणी थेट काचेवर शिंपडू नये. कागद आपोआप ओढून घेणाऱ्या यंत्रात पानभर उभी रेषा उमटत असेल, तर बाजूची अरुंद काचपट्टी पुसावी. जीर्ण पाने मात्र अशा यंत्रात कधीही घालू नयेत.

अक्षरे तुटक येणे : बहुधा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ हा पर्याय निवडलेला असतो. त्यात प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा एवढाच ठरतो व फिकट शाई नाहीशी होते. जुनी काळी शाई कालांतराने तपकिरी होते; म्हणून रंगीत स्कॅनच घ्यावे. साध्या मजकुराला ३०० डीपीआय पुरेसे असते, बारीक हस्ताक्षराला ६०० ठेवावे. हा आकडा यंत्राच्या ‘ऑप्टिकल’ क्षमतेतील असावा. त्यापुढचे आकडे यंत्र अंदाजाने भरते. त्यातून नवा तपशील मिळत नाही.

शिवणीजवळ अस्पष्टता : जाड वहीचे पान मध्यभागी काचेपासून उचललेले राहते. पातळ बांध्याच्या अनेक स्कॅनरना (सीआयएस प्रकार) एवढ्या अंतरावरचेही स्पष्ट टिपता येत नाही. सीसीडी प्रकारचे यंत्र अशा वेळी सरस ठरते. वही दाबून सपाट करू नये, शिवण उसवते. त्याऐवजी वही आधारावर अर्धवट उघडी ठेवून वरून कॅमेऱ्याने छायाचित्र घ्यावे.

मागील मजकूर दिसणे : पानाच्या पाठीमागे काळा कागद ठेवावा. पाठची अक्षरे बरीच फिकी होतात.

कडा कापल्या जाणे : हा दोष सर्वांत घातक होय. दृढीकरण व विवाह यांची टिपणे बाप्तिस्म्याच्या नोंदीजवळ, पुष्कळदा समासातच लिहिलेली असतात. समास कापला गेला, तर दाखल्यात ती माहिती येणार नाही आणि पुढे विवाहाच्या वेळी अडचण उद्भवेल. यंत्राची आपोआप कापण्याची सोय बंद ठेवून पानाच्या चारही कडा दिसतील असे पाहावे.

मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. जेपीईजी पुन्हा पुन्हा जतन केल्यास तिचा दर्जा घसरतो. व्हॉट्सॲपवरून पाठवायचे झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फोटो म्हणून पाठविल्यास तो लहान होतो.

प्रत्येक वहीची पहिली पाच पाने स्कॅन होताच पडद्यावर मोठी करून वाचावीत व मगच पुढे जावे. आणि स्कॅन कितीही उत्तम आले, तरी मूळ नोंदवही कधीही टाकून देऊ नये. तिच्या पानांत आपल्या पूर्वजांची नावे आहेत.